हनबीच्या टाप्याला

श्रीपूरच्या कारखान्याचा गळीत हंगाम ऐन भरात आहे. उसाने लादलेल्या ट्रॉल्यांची रांग पार रस्त्यावर आलीय, मळीचा आंबूस-गोड वास नाकात जाऊन बसलाय आणि पौषातली कोरडी थंडी ओठ फोडतेय. जरा ओठांवरून जीभ फिरवा. कोरडं लागतंय ना? आता डोळे मिटा आणि सुमारे एकशे चाळीस वर्षं मागे एक पाऊल टाका. जपून! खाली ओली फळी आहे.

पुन्हा ओठ चाखा. खारट लागतील.

तुम्ही मुंबईत भाऊच्या धक्क्यावर उभे आहात. पुरतं उजाडलेलं नाही. कंदिलांच्या पिवळ्या उजेडात माणसांचे नुसते पाय दिसतात, हमालांचे, कोळणींचे, परकर आवरत धावणाऱ्या पोरींचे. सुकटीचा वास घशात उतरतो. त्यात ओल्या काथ्याचा, लाकडाला चोपडलेल्या माशाच्या तेलाचा आणि कुठेतरी उकळणाऱ्या चहाचा वास मिसळलाय. कोंबड्यांचं खुराडं तुमच्या खांद्याला घासून जातं. ‘बाजू! बाजू!’ असं कोणी कानाशी ओरडतं आणि कोणत्या बाजूला व्हायचं हे कळायच्या आत गर्दीच तुम्हाला उचलून मचव्यात नेऊन ठेवते. बसायला जागा शोधू नका. नारळाच्या पोत्यावर टेका. सगळे तसेच बसलेत.

तुमच्या समोरच्या पोत्यांवर एक कुटुंब बसलंय. आजी नऊवारीत, नाकात नथ, मनगटांवर हिरवा चुडा. सुनेच्या मांडीवर सहा-सात वर्षांचा मुलगा झोपलाय. त्याचे केस खांद्याच्याही खाली आलेत, जन्मापासून त्यांना कात्री लागलेली नाही. घरधनी पागोटं सावरत सामान मोजतोय. बोलणं सगळं मराठीत, कुलाब्याकडच्या हेलात. आजी मोठ्या नातवाला हाक मारते, ‘मुसा!’ आणि दोन माना वळतात. एक नातवाची, दुसरी डोलकाठीवर चढलेल्या खलाशाच्या पोराची. आजी हसते. खलाशाचं पोरगंही हसतं. हा घोळ या किनाऱ्यावर रोजचाच.

ही माणसं बेने इस्राएल, कोकणातली यहुदी. त्यांच्या पूर्वजांचं गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी फुटलं आणि सात पुरुष व सात बायका वाचल्या, अशी त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेली आठवण आहे. नावं सांगायची तर मुसाजी, सामाजी, हसाजी, दाऊदजी. आडनावं मात्र तुमच्या-माझ्यासारखी ‘कर’ लावलेली. आता या कुटुंबाचं बिऱ्हाड मुंबईत मांडवीला आहे, ‘जुन्या मशिदीजवळ’, असं घरधनी सांगतात. तुम्ही विचारात पडता, तेव्हा ते समजावतात. जुनी मशीद म्हणजे त्यांचंच प्रार्थनामंदिर, सामाजी हसाजी दिवेकरांनी १७९६ साली बांधलेलं. मांडवीतले लोक त्याला असंच म्हणतात आणि तेही असंच म्हणतात.

‘आणि तुम्ही कुठले?’ आजी विचारतात.

‘सोलापूरकडचे,’ तुम्ही सांगता.

‘घाटावरचे! मग दर्या पहिल्यांदा बघताय. पोटात कालवलं तर हे चघळा,’ म्हणत आजी पदराच्या गाठीतून आल्याचा तुकडा काढून तुमच्या हातावर ठेवतात.

उद्या पुनव. म्हणून भरती जोराची आहे आणि दुपारच्या आत पाणी चढलेलं असतानाच रेवसच्या खाडीत शिरायला हवं. नाखवा हाळी देतो, खलाशी दोर ओढतात, शीड एकदा फडफडतं आणि वाऱ्याने टम्म फुगतं. मचवा एका कुशीवर कलतो. तुमच्या हाताला जे सापडेल ते तुम्ही पकडता, आणि सापडतो तो नाखव्याचा दंड. नाखवा कोकणी मुसलमान, दाढी मिठाने पांढरी झालेली की वयाने, सांगता येत नाही.

‘घाबरू नका पाव्हणं,’ तो म्हणतो. ‘दर्यावर ख्वाजा खिज्र आहेत. जमिनीवर उतरलात की पुढचं इल्यास पैगंबर बघून घेतील.’

हे त्याच्या घरातलं जुनं सांगणं. वाट चुकलेल्याला पाण्यावर खिज्र सांभाळतात, कोरड्यावर इल्यास. इल्यासांचं नाव तर कुराणातच आहे. घरधनी मान डोलावतात, ‘आम्हीही त्यांच्याकडेच निघालोय. आम्ही त्यांना एलियाहू हनबी म्हणतो. उद्या त्यांचा उरूस. खंडाळ्याला, टाप्यावर.’

उरूस! सोलापूरकडच्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. पिराचा उरूस, संदल, गलफ, रात्रभराची कव्वाली, रेवड्यांची दुकानं तुमच्या डोळ्यांपुढून सरकून जातात. पण इथे उरूस आहे तो यहुद्यांचा. त्यांच्या शेवाट महिन्याच्या पंधराव्या तिथीला, पौष किंवा माघाच्या पुनवेच्या सुमाराला, तो भरतो. या माणसांचे इतर सणही ऐकून घ्या. दारं लावून घरात उपास करायचा तो ‘दारफळणीचा सण’. वालाचं बिरडं करायचं तो ‘बिरड्याचा सण’. नव्या वर्षाचा ‘नव्याचा सण’. उपासाला ‘रोजा’ म्हणायचं, आणि त्यांच्या एका उपासाच्या महिन्याला चक्क ‘रमजान’. आजी ही यादी बोटांवर मोजतात, आणि नाखवा सुकाणू न सोडता मधेच एखादा सण सुचवतो. शेजाऱ्याचं पंचांग त्याला पाठ आहे.

किनारा दूर गेलाय. पाण्याचा रंग मातकटाहून हिरवा झालाय. ऊन चढतं तसं अंगातलं कापड पाठीला चिकटतं. तुमच्याकडच्या उन्हात घाम यायच्या आत वाळतो, इथे तो वाळतच नाही, नुसता ओघळत राहतो. आल्याचा तुकडा दाताखाली दाबा आणि नाखव्याचं ऐका. तो खजुराच्या फेरीला बसऱ्याला गेला होता, तेव्हा पुढे बगदादपर्यंत पोचला, पिरानेपीर दस्तगीरांच्या दर्ग्याला. तिथून हिल्ला गावाच्या पुढे, फुरात नदीच्या अंगाला, खजुरीच्या बनात त्याला एक जागा दिसली. अल किफ्ल.

‘लांबूनच घुमट दिसतो,’ तो हाताने आकार दाखवतो, ‘थरावर थर चढवत निमुळता केलेला. शेजारी मिनार. आत कबर, आणि भिंतींवर यहुद्यांची अक्षरं. उन्हाळा लागला की त्यांच्या सणाला लांबलांबून यहुदी येतात, बायकापोरं घेऊन मुक्काम करतात. आमचेही लोक जातात. आम्ही म्हणतो जुल्किफ्ल पैगंबर.’

‘आमचे यहेज्केल हनबी,’ घरधनी म्हणतात. ‘हसाजी नाव त्यांच्यावरूनच ठेवतो आम्ही.’

इतकं बोलून दोघंही खाडीच्या तोंडाकडे बघायला लागतात, कारण पाणी आता फिरायच्या बेतात आहे. बसऱ्याच्या वरच्या अंगाला एका कबरीशी दोन समाज हात जोडतात, ही गोष्ट मचव्यात कोणालाच नवल वाटण्यासारखी वाटत नाही. तुम्हालाही वाटून घेऊ नका. तुमच्या गावच्या मोहरमात डोल्याला खांदा कोण कोण देतं, ते आठवा.

रेवसला उतरताना गुडघाभर चिखल. पोरांना खांद्यावर, बायकांना फळीवरून, सामानाला डोक्यावर. तुम्ही उतरणार तोच नाखवा तुम्हाला थांबवतो. कमरेच्या फडक्यातून एक पुडी काढतो. आत खडीसाखर.

‘टाप्याला जाताय ना? माझ्या नावानं एवढी वाहा. सून पोटुशी आहे. दोन गेली, हे राहू दे म्हणावं.’

पुडी तुमच्या हातात राहते आणि मचवा लोटलाही जातो. आता ती सांभाळा. कपडे दमट आहेत, साखर पाझरेल.

पुढे बैलगाडी. रेवसहून अलिबाग म्हणजे संध्याकाळपर्यंतचा धक्काबुक्कीचा रस्ता. दोन्ही बाजूंना माडांची दाटी, मधेच सुपारीच्या सरळसोट बागा, मधेच वालाच्या शेंगांनी लगडलेली शेतं. आंब्याला मोहर आलाय आणि त्याचा उग्र गोडसर वास माथ्यात चढतो. गाडीवान गावांची नावं घेत जातो आणि आजी प्रत्येक नावाला एखादा सोयरा जोडतात. आवास आलं, आवासकर. किहीम आलं, किहीमकर. झिराड आलं, झिराडकर, ते तर आमचे काजी. काजी म्हणजे यांचे धर्माचं सांगणारे. कोचीनकडून आलेल्या दाऊद राहाबींनी या किनाऱ्यावरच्या तीन घराण्यांना धर्माचं शिक्षण देऊन हे काम सोपवलं, त्यांतलं एक झिराडकरांचं. लग्न लावायला काजी, तंटा सोडवायला काजी, आणि मुसलमान शेजाऱ्याच्या काजींशी बाजारात गाठ पडली की दोन्ही काजी एकमेकांची खुशाली विचारणार.

नवगावच्या फाट्याला गाडी थांबते. पश्चिमेला, किनाऱ्याच्या बाजूला, त्या फुटलेल्या गलबतातल्या बुडालेल्यांच्या मातीचे उंचवटे आहेत. आजी उतरत नाहीत. तिकडे तोंड करून डोळे मिटतात, ओठ हलतात, आणि ‘हाक रे’ म्हणून गाडीवानाला सांगतात.

अलिबागला पोचेपर्यंत दिवेलागण झालीय. हे गावच मुळी अलीची बाग. बागा लावणारा आणि विहिरी खणणारा तो अली श्रीमंत मुसलमान होता असं काही सांगतात, तो बेने इस्राएल होता असं काही सांगतात. माडांना पाणी मिळालं, गावाला नाव मिळालं, आणि दोन्ही घरांत त्याला आपला म्हणणारे आहेत. गाडी इस्राएल आळीत वळते. १८४८ साली उभारलेल्या मागेन अबोथ सिनेगॉगच्या खिडकीत दिवा दिसतो. गल्लीत तुम्हाला आधी ऐकू येतो तो घाण्याचा आवाज, कर्रर्र, कर्रर्र, आणि मग नाकात शिरतो ताज्या तिळाच्या तेलाचा वास.

आत या. उंबऱ्याशी वाकून या, चौकट ठेंगणी आहे. पडवीत लाकडी घाणा फिरतोय. डोळ्यांवर झापड बांधलेला बैल, लाटेवर ठेवलेला दगडाचा भार आणि खाली मडक्यात लोंबणारी सोनेरी धार. घाण्यावरचे तेलीबाबा आजींचे थोरले दीर. करडईच्या घाण्याशी वाढलेल्या सोलापूरकराने इथे पेंडीचा तुकडा मागून घ्यावा, ते हसत देतील. गरम असतानाच खा. दाताखाली तेल सुटतं.

या घराला गाव ‘शनवार तेली’ म्हणतं. शनिवारी घाणा बंद. शुक्रवारी सूर्य कलला की बैलाचं जू उतरतं, दिवा लागतो आणि रविवारची पहाट होईपर्यंत लाट हलत नाही. गिऱ्हाइकांना हे इतकं अंगवळणी पडलंय की शनिवारी कोणी बुधला घेऊन येतच नाही. याच घराला मासळीतलं कोळंबी-खेकडं वर्ज्य, खवलं आणि पर असतील तोच मासा चुलीवर चढायचा. गोमांस घरात येत नाही, हिंदू शेजाऱ्यांना दुखवायचं नाही म्हणून. मटणाच्या रश्शात दूधदुभतं चालत नाही, म्हणून नारळाचं दूध. तांदळाची भाकरी त्या रश्शात बुडवा. पहिला घास गोडसर, मग मागून मिरची येते आणि डोळ्यांत पाणी उभं राहतं.

रात्री परसात पोरांनी पोपटी लावलीय. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, ओवा, मीठ. मडकं पालथं घालून भोवती पेंढा आणि माडाच्या झावळ्या पेटवतात. ज्वाळा एकदम माणसाएवढ्या चढतात, तोंड भाजतं, पाठ मात्र गारच. भांबुर्ड्याचा कडवट वास धुरात मिसळून आळीभर पसरतो आणि त्याच्या मागावर शेजारपाजारची पोरं कुंपणावरून उड्या टाकत येतात. शेंगा कोणाच्या मुठीत किती गेल्या याचा हिशोब कोणी ठेवत नाही. पोळलेल्या बोटांवर फुंकर घालत खा.

झोपण्यापूर्वी एक गोष्ट विचारून घ्या. त्या लांब केसांच्या पोराची. सूनबाई सांगते, सुपातले दाणे निवडता निवडता, डोळे वर न करता. लग्नानंतर बरीच वर्षं मूल नव्हतं. हनबीला नवस बोलला. मूल झालं तर त्याचे केस राखीन, मग उतरवून केसांच्या भाराइतकी चांदी दान करीन. उद्या टाप्याला मलिदा, आणि घरी परतलं की केस उतरायचे. तुम्हाला जावळ आठवतं. आळीच्या तोंडाशी राहणाऱ्या मणियाराच्या घरी परवाच अकीका झाला, तिथेही बाळाच्या केसांइतकी चांदी तोलून दान केली. सूनबाईला तो तराजू माहीत आहे. मणियारणीकडून तोच मागून आणायचाय.

पहाटे तुमच्या अंगावर दव पडलंय. थंडी तुमच्याकडच्यासारखी बोचत नाही, ओली होऊन अंगात मुरते. स्वयंपाकघरात केव्हाचे दिवे लागलेत. परातीत पोहे भिजवलेत. विळीवर नारळ खरवडले जातायत, खर्र खर्र, आणि पांढऱ्या खोबऱ्याचा ढीग वाढतोय. वेलदोडा कुटला की घरभर वास. बदाम, पिस्ते, बेदाणे निगुतीने वेगळे ठेवलेत, पोरांचा हात पोचणार नाही अशा उंचीवर. टोपलीत फळं, सबज्याच्या हिरव्या डहाळ्या, ओल्या फडक्यात गुलाब.

हाच मलिदा. तुम्हाला माहीत असलेला मलिदा वेगळा, गरम चपात्या कुस्करून त्यात गूळ-तूप कालवलेला, मोहरमात पिराच्या पंज्यांपुढे ठेवायचा आणि मग गावभर वाटायचा. इथे गहू पिकत नाही, भात पिकतो, म्हणून पोहे. तूप नाही, नारळ आहे. गूळ-साखर मात्र दोन्हीकडे सढळ हाताने.

गाड्या निघतात. अलिबागहून पेणच्या वाटेला, डोंगराच्या दिशेने. पुढे एक गाडी, मागे दोन, फाट्यावर आणखी चार. रेवदंड्याकडून आलेले, पेणहून आलेले, पनवेलहून आलेले. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज इतका दाटतो की शेजारच्याशी बोलायला ओरडावं लागतं. धूळ पहिल्या गाडीपासून शेवटच्या गाडीपर्यंत एकसारखी तरंगतेय. तोंडावर उपरणं घ्या. हे खंडाळे घाटातलं खंडाळा नव्हे, बरं का. हे शेताभातांतलं लहानसं गाव, पाठीला डोंगर असलेलं.

आणि ही जागा. कळस शोधू नका, मिनार शोधू नका. खडक आहे, उघडा, उन्हाने तापायला लागलेला. लोक चपला काढतात, तुम्हीही काढा. तळव्यांना खडबडीत ऊब लागते. गर्दी बाजूला होईल तसं पुढे सरका आणि वाका. खडकात खोलगट खुणा आहेत. आजी तुमचं बोट धरून त्यावर ठेवतात. ही रथाच्या चाकाची. ह्या घोड्यांच्या टापांच्या. एलियाहू हनबी अग्नीच्या रथात बसून आभाळात गेले, तेव्हा त्यांच्या घोड्यांनी या खडकावर टाप मारली, अशी श्रद्धा आहे. खुणांत शेंदूर नाही, चादर नाही. कोणीतरी गुलाबाच्या पाकळ्या ठेवल्यात आणि त्यांवर दवाचा थेंब अजून टिकून आहे.

आजी वाकून कपाळ टेकतात. त्यांचं वय बघता वाकणं सोपं नाही, पण मदतीचा हात त्या झिडकारतात.

आता गर्दी. बायका परात डोक्यावर घेऊन वाट काढतायत, पोरं हरवतायत आणि सापडतायत, शेताच्या बांधावर मणियाराने बांगड्यांचं दुकान मांडलंय, गावातल्या कुळवाड्याच्या बायका ताडगोळे नाहीत म्हणून बोरं विकतायत. उदाचा धूर वाऱ्याबरोबर लोकांच्या तोंडावर येतो आणि सगळी ओळच्या ओळ खोकते. ऊन डोक्यावर चढतंय. पागोट्याखालून घाम गालांवर उतरतोय.

मग काजी उभे राहतात आणि गलका आपोआप ओसरतो. ‘शेमा’ सुरू होतो. शतकानुशतकं इतर यहुद्यांपासून तुटलेल्या या माणसांनी पोथ्या हरवल्या, हिब्रू विसरली, तरी ही एक प्रार्थना जपली. बाळाच्या सुंतेला तीच, लग्नात तीच, मयतीत तीच. आता तुमच्या चहूबाजूंनी ती उठतेय, तेल्यांच्या, पलटणीतून निवृत्त झालेल्या सुभेदारांच्या, मुंबईच्या कचेरीत कारकुनी करणाऱ्या तरुणांच्या घशांतून. शब्द तुम्हाला कळत नाहीत. छातीत मात्र काहीतरी थरथरतं. पाठोपाठ एलियाहू हनबींचं स्तवन, संथ, ठेक्यात, आणि बायका मागून धरतात.

परात मधे आली. पोहे, खोबरं, साखर, मेवा, वर फळं, भोवती गुलाब आणि सबजा. झाडाच्या फळाचे आभार वेगळे, जमिनीत उगवणाऱ्याचे वेगळे, सुवासाचे वेगळे. सबज्याची डहाळी हातोहात फिरते, नाकाशी धरून प्रत्येक जण दीर्घ श्वास घेतो. तुमच्याकडे आली की घाई करू नका. ती चुरगळली की वास आणखी मोकळा होतो.

आणि तुमच्या मुठीत ती पुडी आहे. कडेने पाझरलीय, बोटं चिकट झालीत. तुम्ही घुटमळता. परक्याच्या हातची, परधर्माच्या माणसाने दिलेली, द्यावी की नाही? आजींचं लक्ष जातं.

‘काय आहे?’

‘रेवसच्या नाखव्याने दिलीय. त्याच्या सुनेसाठी. दोन गेली, हे राहू दे, असं म्हणाला.’

आजी पुडी घेतात. काजींकडे बघत नाहीत, कोणाची परवानगी मागत नाहीत. खडीसाखर दगडाने ठेचतात आणि सरळ परातीत टाकतात. मग पुन्हा खडकापाशी जातात, वाकतात आणि मोठ्याने, सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणतात, ‘हनबी, नाखव्याच्या सुनेचं सुखरूप होऊ दे. त्याचं नाव तुला ठाऊक आहे.’ शेजारच्या दोघीतिघी ‘आमेन’ म्हणतात. तिथून शब्द मागे जातो, बांधावरच्या मणियारापर्यंत पोचतो. तोही ‘आमीन’ म्हणतो.

यापेक्षा मोठं काही इथे घडणार नाही. ज्यासाठी तुम्हाला इतक्या लांब ओढून आणलं, ते हेच. धर्मांचा समन्वय वगैरे कोणाच्या डोक्यात नाही. एका घरात बाळंतपण जवळ आलंय आणि एका बाईला ती धास्ती माहीत आहे. यांच्या एलियाहूंना आणि त्यांच्या इल्यासांना एक ठरवायला इथे सभा भरलेली नाही. मागणं खरं होतं, आणि ते पोचवायला मधे एक ओळखीचा हात होता.

मलिदा वाटला जातोय. ओंजळ पुढे करा. पोहे ओलसर, खोबऱ्याने मऊ झालेले, त्यात बेदाणा फुटतो, वेलदोडा जिभेच्या मागे दरवळतो, आणि मधेच ठेचलेल्या खडीसाखरेचा एक कडक कण दाताखाली येतो. चावून खा. बांधावर मणियाराला पान गेलं, गाडीवानांना गेलं, बोरंवालीला गेलं. लांब केसांचा तो पोरगा तीन वेळा रांगेत उभा राहिला आणि तिन्ही वेळा त्याला मिळालं. नवसाचं पोर आहे, आज त्याला कोण नाही म्हणणार?

दुपार कलली की तुम्हाला निघावं लागेल. जाण्यापूर्वी पुढचंही थोडं ऐकून जा, कारण ते या गाड्यांतल्या कोणालाच माहीत नाही. १९४८ साली इस्राएल देश उभा राहील आणि त्यानंतरच्या वर्षांत इथली बहुतेक घरं हळूहळू तिकडे जातील. इस्राएल आळीतले घाणे थांबतील. भारतात हा समाज काही हजारांवर येईल. पण जाताना ते मलिदा बरोबर नेतील. तिकडेही लग्नाआधी, नवस फिटल्यावर आणि हनबीच्या उरुसाला पोहे भिजतील, नारळ खरवडले जातील. आणि तिकडे जन्मलेली मुलंसुद्धा विमानाने येऊन, अलिबागहून गाडी करून, याच खडकापाशी अनवाणी उभी राहतील.

खडक आपल्याकडे राहिला, पण शेजार पांगला. मला याची हळहळ वाटते आणि ती मी लपवत नाही. तीर्थाची जागा सांभाळायला सरकार आहे, विश्वस्त आहेत. साखरेची पुडी घेऊन जाणारा माणूस मात्र शेजारीच असावा लागतो. नाखव्याला टाप्यापर्यंत जायला सवड नव्हती, त्याची भरती निघून चालली होती. त्याचं मागणं पोचलं, कारण त्याच्या मचव्यात तिकडे जाणारं कोणीतरी बसलं होतं आणि त्याला ते विचारायचा संकोच वाटला नाही. आपल्याला आता तो संकोच वाटायला लागलाय. शेजाऱ्याचा उरूस कधी, उपास कधी, त्याच्या घरी काय चालतं आणि काय नाही, हे त्या नाखव्याला पाठ होतं. आपल्यापैकी किती जणांना आपल्याच गल्लीतलं पाठ आहे?

म्हणून परत आल्यावर एवढं करा. तुमच्या गल्लीतून कोणी उरुसाला, जत्रेला, वारीला, यात्रेला निघालं असेल, तर ते कोणाचं दैवत आहे हे न बघता आज संध्याकाळी त्यांच्या घरी जा. पावशेर साखर त्यांच्या हाती द्या. तुमचं नाव सांगा, आणि काय मागायचंय तेही न लाजता सांगा. आणि कोणी तुमच्याकडे अशी पुडी घेऊन आलं, तर उघडून तुमच्या परातीत मिसळा.